दहावीनंतर एक वर्ष थांबताना: खान्देशातल्या घरांसाठी

आमच्याकडे 'गॅप' हा शब्द दोनच ठिकाणी ऐकू येतो. एक, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेला पुन्हा बसणाऱ्या मुलाच्या घरात. दुसरं, सेतू केंद्राच्या रांगेत. तिथे कुणीतरी घामाघूम होऊन गॅपचं प्रतिज्ञापत्र करायला उभं असतं आणि मागचा त्याला विचारतो, "वर्षभर केलं काय मग?" या प्रश्नाला धड उत्तर देणारं पोरगं मला बावीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच भेटलं.

मी अमळनेर तालुक्यात माध्यमिकला गणित शिकवतो. दहावीनंतर थांबलेली मुलं दरवर्षी दोन-चार तरी दिसतात. त्यातली बरीचशी ठरवून थांबलेली नसतात, थांबून गेलेली असतात. वडिलांचं दुखणं, बोंडअळीनं गेलेली कपाशी, मोठ्या बहिणीचं लग्न, नाहीतर नुसतं 'काय घ्यावं कळत नव्हतं सर'. शेतकऱ्याच्या घरात फरक सांगायला सोपा आहे. पड ठेवलेलं वावर आणि पडीक वावर, दोन्हीत त्या साली पीक नसतं. पण पड ठेवलेल्या वावराची खोल नांगरट झालेली असते, ढेकळं उन्हात तापलेली असतात, शेणखत पडलेलं असतं, आणि पुढच्या मृगात तिथे काय पेरायचं हे घरात ठरलेलं असतं. पडीकात नुसतं तण, कुंदा आणि हराळी.

म्हणून पहिलं काम वहीच्या पहिल्या पानावर करायचं. पुढच्या जूनमध्ये कुठे, कोणत्या शाखेला आणि कोणत्या मार्गानं परत जायचं, ते तारखेसह लिहायचं. खाली मुलाची सही, आईची आणि वडिलांची. मी हे एका आबांना सांगितलं तेव्हा ते हसले. "सर, पोराच्या शिक्षणाला काय करारनामा करतात का?" म्हटलं, आबा, वावर ठोक्यानं, म्हणजे ठरल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला देताना करता ना? तसंच हे. सही झाली. त्या घरात दिवाळीत ट्रॅक्टरचा हप्ता अडला तेव्हा 'पोराला अजून एक साल घरीच राहू दे' असा विषय निघाला. आईनं ते पान काढून समोर ठेवलं.

कोणी थांबू नये

आधी हे, कारण चुकीच्या कारणानं थांबलेलं वर्ष कोणत्याही वेळापत्रकानं सुधारत नाही.

चौदा वर्षांच्या आतल्या मुलानं शाळा सोडून थांबण्याचा प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाचं मूल शाळेत असलंच पाहिजे. नववी-दहावीच्या मध्येही थांबू नका. एक तर बोर्डाची नोंदणी, अंतर्गत गुण सगळं शाळेशी बांधलेलं असतं. दुसरं, हातात दहावीचं गुणपत्रक नसलेल्या मुलाला पुढे दारं कमी. थांबायला सगळ्यात सोयीची जागा दहावी आणि अकरावीच्या मधली. अकरावी झाल्यावर थांबता येतं, पण तेव्हा कॉलेजचा नियम, बदललेलं पुस्तक आणि विसरलेली अकरावी अशा तीन गोष्टी एकदम अंगावर येतात.

दहावीत एक-दोन विषय राहिले म्हणून थांबणार असाल तर थांबू नका. पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते. शिवाय एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो. आमच्या गावाकडे अजूनही 'नापास झाला, आता मार्चपर्यंत शेळ्या राख' असं म्हणणारे काका आहेत. त्यांना पुरवणीचं वेळापत्रक दाखवा.

एनडीएत, म्हणजे सैन्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचं स्वप्न असेल तर नीट हिशेब करा. तिथे वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस अशी अरुंद असते आणि परीक्षा वर्षातून दोनदा. एक वर्ष थांबलात की दोन संधी गेल्या. नीटला वरची वयोमर्यादा नाही, फक्त त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर १७ पूर्ण पाहिजेत. इंजिनिअरिंगच्या जेईई मेन परीक्षेच्या संधी बारावीच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे दहावीनंतर थांबल्यानं त्या कमी होत नाहीत. हे पालकांना माहीत नसतं आणि ते उगाच घाबरतात.

आणि एक. मुलाला आठवीत एनएमएमएस, म्हणजे गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती लागली असेल, तर वर्षाचे १२,००० रुपये बारावीपर्यंत येतात. पण ती सलग शिकणाऱ्यासाठी आहे. थांबण्याआधी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन हा एकच प्रश्न विचारा. पैसे गेल्यावर विचारून उपयोग नाही.

मग थांबावं कोणी? आजारातून उठलेल्यानं. नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं मी पाहिली आहेत, दर दोन महिन्यांनी दवाखाना. अशा मुलानं अकरावी ओढत नेण्यापेक्षा वर्ष घेऊन तब्येत बसवावी. घरात मोठं संकट आलं असेल त्यानं. दहावीच्या मार्कांवर खरंच समाधान नाही आणि परत बसायची तयारी आहे त्यानं. आणि ज्याला सायन्स नको पण घरचे ऐकत नाहीत, त्यानंही. त्याला वर्ष मिळालं तर दोन वर्षांची नासाडी वाचते. मन फार खचलेलं असेल तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात.

परतीच्या चार वाटा

पहिली, सरळ अकरावी, पुढच्या वर्षी. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले आहेत. पूर्वी आपण ओळखीच्या प्राचार्यांकडे जाऊन 'सर, पोरगा मागच्या सालचा आहे' म्हणायचो, काम व्हायचं. आता अर्जाची तारीख चुकली की चुकली. मे महिना उजाडला की रोज संध्याकाळी पोर्टल उघडून बघायचं. अर्जात उत्तीर्ण झाल्याचं वर्ष नीट भरायचं. अर्ध्या चुका तिथेच होतात.

दुसरी, श्रेणीसुधार. पास झालेला मुलगा सगळे विषय घेऊन पुन्हा दहावीला बसतो. अर्ज शाळेमार्फत पावसाळ्यानंतर निघतात, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपलं नाशिक विभागीय मंडळ. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही त्यातच. ज्याला पॉलिटेक्निकला चांगली शाखा हवी आणि सात-आठ टक्क्यांनी हुकली, त्याच्यासाठी ही वाट. नुसतं 'शेजारच्याला ९२ आणि आपल्याला ८८' एवढ्यासाठी वर्ष घालवू नका.

तिसरी, आयटीआयचा एका वर्षाचा ट्रेड. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) हे एका वर्षाचे. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, म्हणजे त्यात 'एक वर्ष' बसत नाही. ही वाट मला फार आवडते. हातात कसब येतं, वर्ष कागदावर रिकामं दिसत नाही आणि वर्षभर मुलगा कुठल्यातरी संस्थेचा विद्यार्थी असतो. खोट एकच: वार्षिक परीक्षा साधारण जुलैच्या आसपास येते आणि अकरावीचे प्रवेशही त्याच दिवसांत चालतात. दोन्ही तारखा आधी जुळवून घ्या.

चौथी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, प्रवेश पाच वर्षं टिकतो, एकेक विषय सोडवत बारावी पूर्ण करता येते. पुन्हा रोज कॉलेजला जाणं जमणार नाही असं दिसत असेल तर आत्ताच इथे नाव घाला. पण एनआयओएस आणि रेग्युलर अकरावी अशा दोन डगरींवर पाय ठेवू नका. ज्यांची दहावीच राहून गेली आहे, त्यांच्यासाठी आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी पास असली की खाजगीरीत्या दहावीला बसता येतं.

कागद

इथे माझ्या घरचीच गोष्ट. पुतण्या दहावीनंतर थांबला. मधल्या काळात त्याला एका क्लासला घातलं. क्लासवाल्यांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला 'जमा' करून घेतला आणि पोरानं दोन महिन्यांत क्लास सोडल्यावर फी पूर्ण भरल्याशिवाय दाखला देईनात. अकरावीचा अर्ज आला तरी दाखला तिथेच. शेवटी मी स्वतः तीन फेऱ्या मारल्या, चढ्या आवाजात बोललो, तेव्हा मिळाला. मास्तर माणूस, आणि घरच्याच दाखल्याला जपलं नाही. तेव्हापासून माझा नियम: मूळ दाखला आणि मूळ गुणपत्रक घराच्या बाहेर जाणार नाही. सत्यप्रती न्या, हव्या तितक्या न्या. गुणपत्रक डिजिलॉकरमध्ये टाकून ठेवा.

उरकायची बाकी कामं: वयाच्या पंधराव्या वर्षी आधारचं बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं, ते जूनमध्येच करा. न केल्यानं ऐन प्रवेशात अंगठा जुळत नाही आणि पोरगं केंद्रांच्या फेऱ्या मारत बसतं. अधिवास, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रिमीलेयर, हे गर्दी नसताना, म्हणजे ऑगस्टनंतर काढा. मुलाच्या नावाचं बँक खातं उघडा. दहा वर्षांवरच्या मुलाला ते स्वतः चालवता येतं. गॅपचं प्रतिज्ञापत्र मात्र शेवटी, प्रवेशाच्या तोंडावर करा. आणि वर्षभर केलेल्या कामांचे पुरावे एका फाइलमध्ये जमवत राहा. टायपिंगची पावती, ग्रंथालयाचं कार्ड, केलेल्या कामाचं पत्र, काहीही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. शाळेतून नाव कमी झालं की बोनाफाइड मिळत नाही आणि एसटीचा विद्यार्थी पास बंद होतो. मुलींचा मोफत पासही शाळेशी जोडलेला आहे. मुली-बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार. मुलांना मात्र पूर्ण भाडं. तालुक्याला रोज जाण्याचा बेत असेल तर हा खर्च आधी धरा.

वर्षाची मांडणी

पुस्तकात छापलेली वेळापत्रकं आपल्याकडे चालत नाहीत. आपल्या वर्षाला कपाशी, केळी आणि ऊन चालवतं. मी ते तसंच मांडतो.

जून-जुलै. पहिले पंधरा दिवस काही करायचं नाही. झोपू द्या पोराला. दहावीचं वर्ष म्हणजे काय ते घरातल्या मोठ्यांना आठवत नसतं. त्यानंतर जमाखर्चाची वही. घरच्या एका वावराचा हिशेब पोरानं वर्षभर ठेवायचा, एका रुपयाचा सुद्धा. नांगरट, बियाण्याची पाकिटं, खताच्या गोण्या, निंदणीची मजुरी, औषध, वेचणीचा किलोमागचा दर, गाडीभाडं, गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्यानं दिलेला भाव, काट्यावर धरलेली घट. रावेर-यावलकडचे असाल तर केळीच्या मृगबागेचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या बागेचा, हिशेब ठेवा: रोप, ठिबकच्या नळ्या, घड बांधणी, कापणीच्या दिवशी बोर्डावरचा भाव आणि प्रत्यक्ष हातात आलेला भाव. हे काम मी इतकं ठासून का सांगतो? कारण अकरावीत कॉमर्स घ्यायचं की नाही, शेतीत राहायचं की नाही, हे दोन्ही प्रश्न या वहीत आपोआप सुटतात. धरणगावकडच्या एका मुलानं मार्चमध्ये बेरीज केली तेव्हा तीन एकर कपाशीत घरच्यांची मजुरी धरली तर हातात काहीच उरत नव्हतं. वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाप-लेक दोघं मिळून कृषी विज्ञान केंद्रात गेले.

याच काळात टायपिंग लावा. शासनमान्य मराठी ३० शब्द मिनिटाचा संगणक टायपिंग कोर्स सहा महिन्यांचा असतो. पुढे लिपिकाच्या बहुतेक जाहिरातींत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० मागतात, आणि ते शिकायला नोकरीच्या वयात कुणाला सवड नसते.

ऑगस्ट-सप्टेंबर. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आपली खान्देशातली देवी, कानबाई, बसते. ज्या घरात बसते तिथे रात्रभर अहिराणी गाणी होतात, आणि ती येणाऱ्या बाया आता साठीच्या पुढच्या आहेत. वीस गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. परवानगी घेऊन. मग ती देवनागरीत उतरवा, शेजारी प्रमाण मराठीत अर्थ लिहा. कोणी म्हटलं, गाव कोणतं, त्या बाईनं ते कुणाकडून शिकलं. हे वाटतं तितकं सोपं नाही; एका गाण्याला दोन संध्याकाळ लागतात, कारण आजीला तीन शब्दांचा अर्थ स्वतःलाच सांगता येत नाही. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरातल्यांनी टिपून ठेवलं म्हणून त्या १९५१ साली गेल्यावरही त्यांच्या ओळी राहिल्या. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात उभं आहे. तुमची आजी इतकी मोठी कवयित्री नसेल. पण तिच्या डोक्यात जे आहे ते दुसरीकडे कुठेही नाही.

पावसाळ्यातच एकदा साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. उघडं बोडकं झालेलं जंगल गावानं राखून परत उभं केलं. त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथली रानभाज्यांची स्पर्धा बघण्यासारखी असते. सायन्स घेणाऱ्या मुलाला वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा तिथल्या बायकांकडून मिळेल.

ऑक्टोबर ते डिसेंबर. वेचणीचे दिवस. घरच्या वावरात मुलानं काम करायला कोणाची ना नाही. बाहेर कामाला लावताना मात्र कायदा माहीत असू द्या: १४ वर्षांच्या आतल्याला कुणाकडेही कामाला ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाला धोक्याची कामं बंद. जिनिंगचे पट्टे, डाळ मिलची यंत्रं, फटाके, भट्टी, यापासून लांब. आणि घरचं वावर असलं तरी फवारणी नाही. पंप पाठीला लावून उघड्या अंगानं कपाशीत शिरलेली सोळा वर्षांची पोरं मी दर सप्टेंबरला रस्त्यावरून बघतो आणि गाडी थांबवून शिव्या घालतो. ट्रॅक्टरही नाही. अठराच्या आत लायसन नाही, मग ट्रॉली उलटली तर विम्याचाही पैसा नाही.

कामच शिकायचं असेल तर ठिबक दुरुस्ती, मोटार-स्टार्टर, मोबाइल दुरुस्ती, किराणा दुकानात हिशेब, नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर प्रतवारी बघणं, अशी कामं बघा. आठवड्याला तीन दिवस, ठरावीक तास, आणि मोबदला कितीही थोडा असला तरी मुलाच्या खात्यावर. 'शिकतोय ना, पैसे कशाला' म्हणणाऱ्या मालकाकडे ठेवू नका.

थंडी हा आपल्याकडे फिरायचा काळ. रेल्वेचा उपयोग करा. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव ओळीनं येतात आणि पॅसेंजरचं भाडं परवडतं. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. सात दिवसांत धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही जुन्या कागदांची ठिकाणं, चाळीसगावचं छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आणि जवळचं पाटणादेवी, जळगावचं गांधीतीर्थ, तिथून अजिंठा, एवढं आरामात होतं. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार. हतनूर धरणावर हिवाळी पाखरं. प्रत्येक ठिकाणी गेल्यावर दोन पानं लिहायची, एवढीच अट. सेल्फी चालेल, पण ती दोन पानांत मोजू नये.

धुळ्याला गेलात तर तिथे जुनी बाडं दाखवायची विनंती करा आणि मोडी लिपी डोळ्यांनी बघा. मला विचाराल तर या वर्षात शिकावी अशी एकच अनवट गोष्ट म्हणजे मोडी. रोज तासभर दिला तर महिना-दीड महिन्यात छापील मोडी वाचता येते, हातची वाचायला आणखी सराव लागतो. जुन्या जमिनीच्या आणि गावच्या नोंदी मोडीत आहेत. अलीकडे कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा तालुक्या-तालुक्याला मोडी वाचणारे शोधत फिरत होते. सोळाव्या वर्षी शिकलेली लिपी पोटापाण्याला लागू शकते.

जानेवारी ते मार्च. आता पुस्तकं. श्रेणीसुधारवाल्यांना सांगायलाच नको. बाकीच्यांनी पुढे बघायचं. मित्राकडून अकरावीची पुस्तकं आणा. पण आधी खात्री करा की पुढच्या वर्षी तीच चालणार आहेत, सध्या पुस्तकं बदलण्याचे दिवस आहेत. जवळची दोन-तीन कॉलेजं बघून या. प्रॅक्टिकल खरंच होतात का, की जर्नल उतरवून घेतात, हे तिथल्या मुलांना विचारा, सरांना नाही.

एप्रिल-मे. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा मोठे बेत करू नका. पहाटे साडेपाच ते नऊ अभ्यास, दुपारी झोप किंवा वाचन. जळगावात असाल तर व. वा. वाचनालय आहे, १८७७ सालचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस सुट्टी, मामाच्या गावाला. मुलींनी झोक्यावर बसावं आणि पुस्तक घरी ठेवावं.

रोजचे दोन तास

गणिताचा मास्तर म्हणून हे मी जरा लांबवणार.

थांबलेलं मूल सगळ्यात आधी काय विसरतं? गुणाकार नाही, अवयव पाडणं. वर्षानं अकरावीत येतं आणि वर्गसमीकरण समोर आलं की पेन थांबतं. म्हणून जूनच्या शेवटापासून रोज दहा गणितं, सणवार धरून. सोमवारी अवयव, मंगळवारी वर्गसमीकरणं, बुधवारी त्रिकोणमिती, गुरुवारी निर्देशक भूमिती, आणि शुक्रवारी हिशेबाच्या वहीतून काढलेली टक्केवारीची. शनिवारी चुकलेली सगळी परत. रविवार मोकळा. अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिल्याच महिन्यात सदिश येतात आणि तिथे साइन-कॉस पाठ नसेल तर मूल म्हणतं 'फिजिक्स जमत नाही'. जमत नसते ती दहावीची त्रिकोणमिती.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दुसरं काम: दोन रकान्यांची वही. डावीकडे वेग, त्वरण, संवेग, वस्तुमान, संयुजा, उष्मा. उजवीकडे अकरावीत वापरतात ते शब्द, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, मोमेंटम, मास, व्हॅलन्सी, हीट, त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगसह. रोज दोन शब्द. वर्षाला सातशेच्या आसपास होतात. सेमीच्या मुलांनाही याची गरज असते, ती मान्य करत नाहीत एवढंच. उरलेला अर्धा तास इंग्रजी मोठ्यानं वाचायचं, गुरांच्या गोठ्यात वाचलं तरी चालेल.

आणि मोबाइल. ज्या घरात वर्ष वाया गेलं त्या प्रत्येक घरात गोष्ट एकच होती: रात्री दोनपर्यंत रील्स, सकाळी दहाला उठणं. मोबाइल काढून घेऊ नका, अहिराणी गाणी त्याच्यावरच ध्वनिमुद्रित करायची आहेत. फक्त रात्री नऊला तो आजीच्या उशाखाली.

मुलीचं वर्ष

मुलगा थांबला तर लोक विचारतात, "काय रे भो, शाळा सोडी दिधी का?" मुलगी थांबली तर विचारत नाहीत. स्थळ आणतात.

म्हणून मुलीचं वर्ष नुसतं 'घरी आहे' असं कधीच ठेवू नका. तिचं नाव कुठल्यातरी पटावर पाहिजेच: आयटीआय, एनआयओएस, टायपिंग, काहीही. आत्या-मावशीला उत्तर द्यायला वाक्य तयार पाहिजे: "आयटीआयला आहे, जूनमध्ये अकरावीला जाणार." घरकाम तिच्यावर किती पडणार ते पहिल्या पानावरच्या करारात लिहा, तास घालून. नाहीतर 'गॅप इयर' म्हणजे भावाचे डबे आणि धाकट्याला सांभाळणं एवढंच होतं. हे मी पाहिलं आहे, माझ्याच वर्गातल्या पहिल्या पाचातल्या मुलीच्या बाबतीत, आणि तेव्हा मी काही बोललो नाही.

अठराच्या आत लग्न २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गावपातळीवर ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी असते. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर मुलगी स्वतः फोन करू शकते. हा नंबर तिला आईसमोर सांगा, आई ऐकून ठेवते.

मे महिन्यात

पहिलं पान काढा. लिहिलेली शाखा अजून तीच आहे का, मुलाला विचारा. बदलली असेल तर बदलू द्या, तिथे नवीन तारीख आणि पुन्हा तीन सह्या. हिशेबाची वही, गाण्यांची वही, प्रवासाची पानं फाइलला लावा. गॅपच्या प्रतिज्ञापत्रात कारण एका ओळीत, खरं. मुलगा आजारी होता तर आजारी, शेतीत होता तर शेतीत. उगाच 'स्पर्धा परीक्षेची तयारी' लिहू नका, सोळा वर्षांच्या पोराची कोणती स्पर्धा परीक्षा?

आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आमच्याकडे 'पाटील'चं स्पेलिंग तीन तऱ्हेनं लिहितात आणि अर्ज त्याच्यावरच अडतो. पोर्टलवर नोंदणी सुरू झाली की पहिल्या दोन दिवसांत अर्ज भरा, शेवटच्या रात्री सर्व्हर बसतो. पसंतीक्रमात ती दोन-तीन कॉलेजं टाका जी जानेवारीत स्वतः जाऊन पाहिली होती. पोचपावतीच्या दोन प्रती काढा. एक फाइलला, एक आईकडे.